शेवटची दोन अक्षरं

आईची बॅग पलंगाखाली कधीची भरून तयार होती. मुलगा परदेशात. "कागद झाले की तुला घेऊन जातो" म्हणाला होता, आणि या माउलीनं ते गाठीला बांधून ठेवलं. बॅगेतला स्वेटर ती अधूनमधून उन्हात टाकायची, झटकायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं आता गुडघ्यांना झेपत नव्हतं.

मुलगा तिकडे बसून इकडच्या लोकांना गाद्या विकायचा, सगळं ऑनलाइन. वेबसाइटच्या नावाच्या शेवटी आपल्या देशाची दोन अक्षरं होती. "लोक त्यावरच विश्वास ठेवतात, आई. आपला माणूस वाटतो. ती अक्षरं गेली की धंदा बसलाच." वेबसाइटचं ते नाव मात्र त्यानं आईच्या मालकीचं म्हणून नोंदवलं होतं. का, ते तिनं विचारलं नाही. पोटच्या पोराला काय विचारायचं? त्याचा फोन आला की आधी "मोबाइलवर आकडे आलेत, वाच बघू," आणि मग तब्येत. आकड्यांच्या निमित्तानं का होईना, आवाज कानावर पडतो, यातच ती खूश.

एके दुपारी वेबसाइटच्या नावांच्या नोंदणी कार्यालयातून तपासणीला एक बाई आली. जिने चढून तिला धाप लागली होती. आईनं पाणी दिलं.

"नाव तुमच्याच मालकीचं ना, आजी?"

"हो. धंदा मुलगा बघतो."

"तो कुठेही असू दे. मालक या देशात राहणारा हवा, एवढाच नियम. तुम्ही इथेच असता ना?"

"सध्या. मुलगा नेणार आहे मला तिकडे."

बाई लिहिता लिहिता थांबली. "कायमच्या गेलात तर नाव रद्द होईल. मुलाला ठाऊक आहे की. नाव घेतानाच सांगतो आम्ही."

आईच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे कागद अडले नव्हतेच. त्यानंच तिला इथे खुंटीला टांगून ठेवलं होतं! जाणार आहे कायमची, असं ठणकावून सांगावं, अशी उबळ आली. पण पोटचा गोळा तो, त्याच्या पोटावर पाय कसा द्यायचा?

"अहो, हौसेनं म्हणतो तो," ती म्हणाली. "मी कुठली जाते? मरेपर्यंत इथेच."

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"तपासणी झाली?"

"झाली. इथेच राहते म्हणाले."

"वाचवलंस बघ!"

"कागदांचं काय रे?"

"चाललंय ना. वेळ लागतो."

"आणि मी गेल्यावर त्या नावाचं काय करशील?"

असं अभद्र बोलू नको म्हणून तो ओरडेल, याची ती वाट बघत होती.

"त्याची काळजी नको," तो लगेच म्हणाला. "मावशीशी बोललोय मी."

आईनं फोन ठेवला. मग तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. नवरा गेल्यापासून तीही एकटीच राहायची, दोन गल्ल्या सोडून.

"ताई, तुझ्या पोराच्या तोंडात साखर पडो!" बहीण हरखून म्हणाली. "मलाही नेणार म्हणतो! आजच माळ्यावरून बॅग काढली मी."

मुलाचं सगळं पोटात घालायची आईला सवय होती. हे काही घालता येईना.

"परत ठेव ती," ती म्हणाली.

"का गं?"

"आधी माझी बघायला ये. पलंगाखाली आहे."