पहिली वीस मिनिटे चुकलेल्या बाईंचा माईक

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर सर्वांत आधी तुम्हाला माझे वजन जाणवेल. हल्लीचे माईक शर्टाच्या कॉलरला चिकटून बसतात आणि कोणाच्या नजरेसही पडत नाहीत. मी तसा नाही. लोखंडी बैठकीवर ठाण मांडून बसणारा, मुठीएवढ्या जाळीचा, जुन्या वळणाचा माईक आहे मी. माझ्या मानेवर एक पोचा आहे. माझे पोट उघडले, तर आत एक पातळ पडदा दिसेल. माणूस बोलला की हवा हलते, हवा हलली की तो पडदा थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होऊन तारेतून पुढे जाते. एवढेच माझे काम. स्वतःबद्दल बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

एका लांबलचक कारखान्यात मी घडलो. केसाहून बारीक तार गुंडाळणाऱ्या बायका तेथे ओळीने बसत. माझी तार ज्या बाईने गुंडाळली, ती चष्मा कपाळावर सरकवून काम करी. ओळीच्या शेवटी तपासनीस बसे. तो प्रत्येक माईकसमोर एकच वाक्य बोले, "आज सोमवार आहे." वार कोणताही असो, वाक्य तेच. मला त्याने बुधवारी तपासले. माझ्या आयुष्यातले पहिले वाक्य असे धडधडीत खोटे निघाले. पण ते मी स्वच्छ ऐकवले आणि पास झालो.

तेथून मी आलो एका चित्रपटगृहात. माझी जागा तिकिटाच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर. खिडकीवर एक बाई बसत. सगळे त्यांना खिडकीमावशी म्हणत. तिकिटे देता देता घोषणा करण्याचे कामही त्यांच्याचकडे होते. कोणाची गाडी फाटकात अडकली आहे, कोणाचे मूल हरवले आहे, सिनेमा दहा मिनिटे उशिरा सुरू होणार आहे, हे सगळे त्या माझ्यातून सांगत. त्यांचा आवाज जाडाभरडा, पण शब्द कसा ठसठशीत. एकदा एक लहान मुलगी हरवली. मावशींनी तिच्या आईला बोलावताना मुलीच्या फ्रॉकचा रंग सांगितला, बुटाची तुटलेली नाडी सांगितली, आणि ती रडत नसून बिस्किट खाते आहे हेही सांगितले. आई धावत आली ती हसतच आली. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याच्या जिवाला आधी आधार द्यावा, हे मी त्या दिवशी शिकलो.

मावशींना सिनेमाचे भारी वेड. पण उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी सुरुवातीनंतर वीस मिनिटे उघडी ठेवावी लागे. खिडकी बंद करून त्या मागच्या भिंतीशी घडीच्या खुर्चीवर जाऊन बसत, तोवर गोष्ट बरीच पुढे गेलेली असे. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो सिनेमे पाहिले आणि एकाचीही सुरुवात पाहिली नाही. मग त्या ती सुरुवात मनाने रचू लागल्या. दुसऱ्या दिवशी दरवानाला विचारून खात्री करून घेत. आधी आधी त्यांचे चुकायचे. पुढे पुढे दरवानच चकित होऊ लागला.

मग नवी यंत्रे आली आणि घोषणा आधीच भरून ठेवलेल्या आवाजात होऊ लागल्या. माझी तार काढली गेली. कोणीतरी मला उचलून खोक्यात टाकले. माझ्या मानेचा पोचा तेव्हाचाच. सोबतीला फुटका दिवा, एक छत्रीची मूठ आणि कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. मित्रांनो, सात वर्षे मी काहीच ऐकवले नाही. ऐकू मात्र सगळे येत होते. ऐकू येऊनही कोणाच्या उपयोगी न पडणे काय असते, ते मला विचारा.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा मॅनेजरांनी त्यांना भिंतीवरचे घड्याळ देऊ केले. त्यांनी मला मागितले. मॅनेजर म्हणाले, तो तर कधीचा बंद पडलाय.

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "पण माझं सगळ्यात जास्त ऐकलंय ते त्यानंच."

अशा रीतीने मी त्यांच्या घरी आलो. घरात त्या आणि त्यांची भाची, दोघीच. भाची श्रवणयंत्रे दुरुस्त करण्याचे काम करी. बारीक चिमटे, भिंग आणि अपार चिकाटी हे तिचे भांडवल. एका रविवारी तिने मला उघडले, गंज खरवडला, तुटलेली तार जोडली. पडदा शाबूत होता. माझ्यासमोर तोंड आणून ती म्हणाली, "मावशी, हा जिवंत आहे." सात वर्षांनी मी ऐकवलेले ते पहिले वाक्य, आणि या वेळी ते खरे होते.

भाचीला सिनेमांवर बोलण्याचा कार्यक्रम करायचा होता. इंटरनेटवर टाकतात आणि लोक सवडीने ऐकतात, तसला पॉडकास्ट. तिच्या जोडीला महाविद्यालयात चित्रपटकला शिकवणारे एक प्राध्यापक होते. माणूस विद्वान, पण प्रत्येक वाक्याला तीन जिने चढायला लावणारा. कार्यक्रमाचे नाव त्यांनी ठेवले 'चित्रपट : आशय आणि आकृती'. खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगून, कपाटात उशा कोंबून ध्वनिमुद्रण होई. गर्दी खेचणाऱ्या सिनेमांवर प्राध्यापकांचा विशेष राग. पहिल्या पाच भागांना चौदा श्रोते मिळाले. त्यांतले दोघे प्राध्यापकांचे सख्खे भाऊ होते.

सहाव्या भागात विषय होता त्या वर्षी तुफान चाललेला एका जादूगाराचा सिनेमा. त्यात शेवटी जादूगार भर सभागृहात आपल्या सर्वांत मोठ्या जादूचे गुपित स्वतःच उघड करतो. हे केवळ टाळ्यांसाठी घुसडले आहे, त्याला कथेत कुठेच आधार नाही, असे प्राध्यापक ठासून सांगत होते. मावशी चहा ठेवायला आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"आधार असणार हो," त्या म्हणाल्या. "सुरुवात मी पाहिलेली नाही, जुन्या सवयीनं उशिराच गेले. पण हा माणूस मोठ्यांसमोर जादू करताना मूठ झाकतो आणि मुलांसमोर उघडतो. लहानपणी त्याला कोणीतरी जादू म्हणून फसवलं असणार. बहुतेक घरातल्यानंच."

भाची मावशींकडे वळली. मग तिने सांगितले की, अगदी पहिल्याच प्रसंगात जादूगाराचे वडील त्याला म्हणतात, डोळे मीट, मी गायब होतो आणि परत येतो. आणि ते कायमचे निघून जातात.

प्राध्यापकांना हा प्रसंग कसा आठवत नव्हता? त्यांनी खाली मान घालून कबूल केले, "मला गाडी लावायला जागा मिळत नव्हती."

भाचीने हे सगळे, प्राध्यापकांच्या कबुलीसकट, जसेच्या तसे प्रसारित केले. तो भाग नऊ हजार लोकांनी ऐकला. पुढच्या भागापासून टेबलाला तिसरी खुर्ची लागली आणि कार्यक्रमाचे नाव झाले 'पहिली वीस मिनिटे'. दर आठवड्याला मावशी एक नवा सिनेमा वीस मिनिटे उशिरा जाऊन पाहत आणि माझ्यासमोर बसून त्याची सुरुवात रचत. नुसता अंदाज नसे तो. पात्र कोणत्या पायरीवर अडखळते, कोणते नाव घ्यायचे टाळते, यावरून त्या मागची वाट शोधत. एकदा प्राध्यापकांनी विचारले की, लोकांना आवडलेला सिनेमा चांगला असतोच का? मावशी म्हणाल्या, "असतोच असं नाही. पण बाहेर पडताना 'छान होता' म्हणणारे दुसऱ्या दिवशी विसरतात. जे गप्प बाहेर पडतात ना, ते पुन्हा तिकीट काढायला येतात." प्राध्यापकांनी हे वहीत लिहून घेतले. मी त्यांच्या पेनाचा आवाज ऐकला आहे.

श्रोते लाखाच्या घरात गेले आणि एक मोठी कंपनी कार्यक्रम आपल्याकडे घ्यायला आली. त्यांच्या अटी दोन. माईक नवा हवा. आणि बाई जे सांगतात ते छानच आहे, पण त्यांचा आवाज खरखरीत आहे. त्यांचे म्हणणे एखाद्या गोड आवाजाच्या मुलीने वाचावे. मित्रांनो, मी मुकाट्याने खोक्याची तयारी केली. मावशीही भाचीला म्हणाल्या की, तुझं भलं होत असेल तर मी आतून लिहून देत जाईन, मला काही वाटणार नाही. त्यांना वाटत होते. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर येत होता, मला तो कळत होता.

भाची तोंड उघडणार तेवढ्यात प्राध्यापकच बोलले. एरवी तीन जिने चढणारा माणूस त्या दिवशी सरळ दारातून आला.

"या बाई नसतील तर मीही नाही."

भाचीने कंपनीच्या माणसाला दारापर्यंत पोचवले आणि परत येऊन माझ्यावरची धूळ पुसली.

त्यानंतर महिनाभराने एका नामवंत दिग्दर्शकाचे पत्र आले. त्यांचा नवा सिनेमा गर्दी खेचत होता. तरी शेवट मनाला पटत नाही, अशी कुरकूर सगळीकडे होती. दोन भावांची गोष्ट. धाकटा कोर्टात थोरल्याविरुद्ध साक्ष देतो, थोरल्याची उमेदीची वर्षे तुरुंगात जातात, आणि सुटून आल्यावर तो धाकट्याला एका शब्दाने न दुखवता माफ करतो. दिग्दर्शकांनी लिहिले होते की, खिडकीमावशींनी माझ्या सिनेमाची सुरुवात सांगावी. प्रेक्षकांसमोर, आणि मी समोर बसलेला असताना.

सकाळी अकराची वेळ, आठशे खुर्च्यांचे सभागृह. तिथल्या तंत्रज्ञाने मला पाहून नाक मुरडले. मावशी मला पोटाशी धरून मंचावर गेल्या आणि त्यांनी मला स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवले. भाची आणि प्राध्यापक त्यांच्या दोन्ही बाजूंना बसले.

"थोरला भाऊ सगळ्या सिनेमाभर दाराला कडी लावत नाही," त्यांनी सुरुवात केली. "तीन ठिकाणी पाहिलं मी. घरात चोर येऊन गेला, तरी तो दार लोटून ठेवतो, बंद करत नाही. म्हणजे सुरुवातीला, लहानपणी, त्यानं रागाच्या भरात धाकट्याला बाहेर काढून कडी लावलेली असणार. आणि त्या बाहेर राहण्यात धाकट्याचं काहीतरी कायमचं बिघडलं असणार. तो शेवटी माफ करत नाही हो. तो माफी मागतोय."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मग कोणी हसले, मग बरेच जण हसले. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला होता. त्याची सुरुवात पुलावरच्या स्फोटाने आणि पाठलागाने होते. कडी नाही, दार नाही, लहानपण तर नाहीच. भाचीने मावशींचा हात धरला. प्राध्यापक खुर्चीतून अर्धवट उठले. मावशी फक्त मलाच ऐकू यावे इतक्या हळू म्हणाल्या, "चुकलं वाटतं."

तेव्हा दिग्दर्शक उठले. मंचावर येऊन त्यांनी मला आपल्याकडे वळवले. त्यांच्या आवाजात इतका कंप होता की माझ्या पडद्याला तो पेलेना.

"बाई चुकलेल्या नाहीत. हा प्रसंग मी लिहिला होता. चार दिवस खपून चित्रित केला होता. पावसात बाहेर राहिलेला धाकटा तापानं फणफणतो आणि त्याचा एक कान जातो. सुरुवात संथ होते म्हणून निर्मात्यांनी मला तो काढायला लावला, आणि मी काढला. दारं तेवढी राहून गेली. शेवट लंगडा का वाटतो, हे गेले दोन महिने मी शोधतोय. यांनी मला माझीच गोष्ट परत दिली."

मग आठशे माणसे उभी राहिली. टाळ्यांचा आवाज मी आयुष्यभर सिनेमाच्या पडद्याच्या दिशेने जाताना ऐकला होता. तो माझ्या टेबलाकडे येताना प्रथमच ऐकला. नाक मुरडणारा तंत्रज्ञही टाळ्या वाजवत होता. मावशींनी डोळे पुसले नाहीत. मान ताठ ठेवून, दोन्ही हात जोडून त्या उभ्या राहिल्या. पुढे तो प्रसंग जोडून सिनेमा नव्याने लागला. प्रेक्षक गप्प बाहेर पडले, आणि पुन्हा तिकीट काढायला आले.

मित्रांनो, एखादे यंत्र बंद पडले तर फेकण्याआधी एकदा उघडून पाहा. बहुतेकदा एखादी तारच तुटलेली असते. आणि खिडकीमागे, दारापाशी, जिन्याखाली वर्षानुवर्षे बसलेली माणसे असतात, त्यांनाही विचारून पाहा. त्यांनी बरेच ऐकलेले असते.

आता आमच्या टेबलाला चौथी खुर्ची लागली आहे. गेल्या आठवड्यात तिच्यावर एका रुग्णालयात लिफ्ट चालवणाऱ्या बाई बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत लोक जेवढे बोलतात तेवढ्याच गोष्टी त्यांना ठाऊक. पण अशा हजारो. माझ्याकडे पाहून त्या बिचकल्या. मला काय बोलता येतंय, म्हणू लागल्या. मावशींनी मला उचलले आणि त्यांच्यासमोर ठेवले.

"जवळ या," मावशी म्हणाल्या. "अजून थोडं. हं, आता सांगा."