पुढची फळी

कुंदननं इंजिनाची खीळ काढून दातांत धरली, दोन्ही हातांनी इंजिन बोटीच्या अंगाला ओढलं आणि खीळ एक भोक आत घालून ठोकली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. वर चढताना त्यानं सगळी बोट डोलवली.

"ममताताई, मारा आता. पूर्ण मूठ."

ममतानं मूठ फिरवली. बोट पाण्यावर चढली, शंभर हात अगदी शहाण्यासारखी धावली, आणि मग घ्या! पुढचं टोक उचललं, धप्पकन आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. मागच्या फळीवर बसलेल्या चुडामण आबांनी एका हातानं टोपी धरली आणि दुसऱ्यानं बोटीची कड. ममतानं मूठ सोडली. बोट पाण्यात बसली.

तीन दिवस हेच चाललं होतं. कुंदन सावद्यात पंपसेट दुरुस्त करायचा, पण त्याआधी चार वर्षं कोकणात बोटींच्या इंजिनांवर हात काळे करून आलेला. म्हणून ममतानं त्याला बोलावलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं पाण्यातल्या पंख्याच्या वर दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी पेट्रोलची टाकी मागून उचलून पुढे बांधली. गुण आला नाही असं नाही. आधी अर्ध्या वेगालाच उड्या मारणारी बोट आता पाऊण वेगापर्यंत नीट चालत होती. पण ममताला पाऊण नको होता.

धरण भरलं की तापीचं पाणी मागे फुगतं आणि पलीकडची वस्ती तुटते. रस्त्यानं जायचं तर दोन नाले आडवे येतात. तीन वर्षांपूर्वी ममताच्या नवऱ्याला, गोपालला, त्या वस्तीजवळच्या केळीच्या बागेत साप चावला. तेव्हाचं इंजिन लहान होतं. आबांनी लेकाला अलीकडे आणेपर्यंत पाऊण तास गेला, आणि तेवढ्यात सगळं संपलं. पुढे गावानं मिळून हे मोठं इंजिन घेतलं आणि बोट ममता चालवू लागली. जोर भरपूर, पण तो वापरायला गेलं की बोट अशी पिसाळायची. आता पलीकडे पुनमला नववा महिना लागला होता. ममताला रात्रंदिवस एकच घोर. त्या पोरीला या आपटाआपटीतून आणायचं कसं?

"खीळ अजून आत घे ना," आबा म्हणाले.

"नाही जमायचं, आबा. अजून आत घेतली तर वळणावर नाक पाण्यात खुपसून भलतीकडेच जाईल." कुंदननं ओली बाही पिळली. "मशीनचं काम संपलं आता. आपण तिघं मागे बसलोय. पुढच्या फळीवर एक माणूस पाहिजे. बस, एवढंच."

आबांनी पाण्याकडे तोंड फिरवलं.

ही बोट मासे धरायची, माणसं न्यायची, पण तिचं नेहमीचं काम वेगळं होतं. तापी-पूर्णेच्या संगमावर अस्थी सोडायला लोक येत, त्यांना आबा चाळीस वर्षं पाण्यात नेत आले होते. मडकं मांडीवर घेऊन बसायची जागा म्हणजे पुढची फळी. अस्थी सोडल्या की तो माणूस उठून मागे यायचा आणि परत येताना फळी मोकळी असायची. एरवी तिथं कुणी बसत नसे. हा आबांचाच नेम. पलीकडची माणसंही कधी ना कधी त्या फळीवर मडकं घेऊन बसलेली, त्यामुळे त्यांनाही तो सांगावा लागत नसे. हळू चालणाऱ्या बोटीला सगळे मागे बसले तरी फरक पडत नव्हता. आबा स्वतः तिथं एकदाच बसले होते, गोपालच्या अस्थी घेऊन.

"तठी नही," आबा म्हणाले. "रेतीचं पोतं ठेव."

ठेवलं. सरळ पाण्यात बोट झकास चालली आणि वळणावर पोतं घसरत गेलं कडेला. बोट अशी कलली की आबांची टोपी पाण्यात. मग पोतं आवळून बांधलं. तेवढ्यात वारा सुटला, समोरून लाटा आल्या, आणि जड झालेलं नाक लाटेत घुसून तिघांच्या पायात पाणीच पाणी.

कुंदननं हात जोडले. "आबा, पोत्याला लाट दिसत नाही. माणूस लाट आली की मागे रेलतो, वळण आलं की आत झुकतो. ते पोत्याला कुठून शिकवू?"

"तू मिस्तरी हायेस ना? मंग काढ काहीतरी."

"काढलं ना! तुम्हाला नको आहे, त्याला मी काय करू?"

"अन् पुनमले काय सांगू मी?" ममता एकदम भडकली. आजवर सासऱ्यापुढे तिचा आवाज चढला नव्हता. "मी पुढे बसले तर चालवंल कोण? ती मधात झोपंल, सासू तिच्याजवळ बसंल. राह्यलं कोण, आबा? सांगा ना, राह्यलं कोण?"

आबांनी पाण्यातून काढलेली टोपी पिळली, डोक्यावर न घालता खिशात कोंबली, आणि बोट काठाला लागताच घराकडे चालू पडले. कुंदननं हत्यारं गोळा केली. जाताना ममताला हळूच म्हणाला, "ताई, पाऊण वेगानंच चालवा मग. आणि वारा असला तर अर्ध्यानं."

चौथ्या दिवशी भर दुपारी फोन आला. पलीकडून यशोदाबाई, पुनमची सासू. "पाणी गेलं वं माय, लवकर ये!"

ममता चुलीवरची भाकरी तशीच टाकून पळाली. घाटावर आबा आधीच दोर सोडत होते. तिला वरून पळत येताना बघूनच त्यांनी ओळखलं होतं. वारा चांगलाच सुटला होता. दोघं मागे बसून निघाले, बोट आपटत राहिली, ममता मूठ कमी करत राहिली आणि मनातल्या मनात बोटीला, इंजिनाला, सासऱ्याला, सगळ्यांनाच शिव्या घालत राहिली. पलीकडे पोचायला अर्धा तास लागला. येतानाही असाच लागला तर?

पुनमला चौघांनी उचलून आणलं. बोटीच्या मधोमध गादी टाकून तिला निजवलं. यशोदाबाई तिच्या उशाशी बसली, काखेत बाळाच्या मऊ कापडांचं गाठोडं. पुनमनं तिचं मनगट धरलं होतं आणि दर कळेला ती ओठ चावत होती.

आबांनी बोट ढकलली. ढकलणारा माणूस पुढून चढतो. रोज आबा चढायचे, एक टांग टाकून पुढची फळी ओलांडायचे आणि मागे येऊन बसायचे. आज ते चढले आणि फळीपाशी उभेच राहिले. ममतानं इंजिन सुरू केलं. तिला म्हणायचं ते कालच म्हणून झालं होतं.

आबा खाली बसले. पुढे तोंड करून, फळीवर.

"आबा, तठी?" यशोदाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"गाठोडं दे इकडे. तुझ्या हाती भिजंल."

तिनं दिलं. आबांनी ते मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी वेढून धरलं.

ममतानं मूठ फिरवली. अर्धी, पाऊण, आणि मग डोळे बारीक करून पूर्ण. आता उचलेल, आता आपटेल, म्हणून तिनं पाय घट्ट रोवले. नाक उचललं नाही. लाट आली तसे आबा मागे रेलले, बोट तिच्यावरून सरकली. बेटाजवळ वळण आलं, आबा आतल्या बाजूला झुकले आणि बोट दोरीला धरून फिरवावी तशी फिरली. कुंदननं सांगितलं होतं खरं, पण चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या अंगाला हे शिकवावं लागत नव्हतं. ममताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यामुळे नव्हतं.

संगम आला. दोन्ही नद्यांचं पाणी मिळतं तिथं तिचा हात आपोआप सैल पडला. इथं इंजिन बंद करायचं, हात जोडायचे, मडकं सोडायचं, असं तिनं शेकडो वेळा केलं होतं. बोटीचा वेग उतरला.

"काब्र कमी केलं?" आबा मागे न बघता ओरडले.

"संगम आला, आबा."

"येऊ दे. आज अठी काही सोडायचं नही आपल्याले. चाल!"

तिनं मूठ पुन्हा पूर्ण फिरवली. अलीकडच्या घाटावर निघताना बोलावलेली गाडी उभी होती. येताना त्यांना तेरा मिनिटं लागली. संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यातून यशोदाबाईचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. आबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भडगावकडून ज्ञानेश्वर नावाचे पन्नाशीचे गृहस्थ आईच्या अस्थी घेऊन आले. सोबत बायको आणि दोन भाऊ. आबांनी त्यांना हाताला धरून पुढच्या फळीवर बसवलं. बोट हळू गेली. संगमावर ममतानं इंजिन बंद केलं. मडकं रिकामं झालं तरी ज्ञानेश्वर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग रिकामे हात धोतराला पुसून, सगळे करतात तसे, मागे यायला उठले.

"बसा भाऊ, बसा," आबा म्हणाले. "तठीच बसा."

"पण आता इथं..."

"तुमचं वजन लागते पुढे."

ज्ञानेश्वर क्षणभर उभेच राहिले. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी फळी धरली. ममतानं आबांकडे पाहिलं, आबांनी होकारार्थी मान डोलावली, आणि तिनं मूठ पूर्ण फिरवली.