आधी पेनड्राइव्ह द्या

"आधी पेनड्राइव्ह दे, मग आत जा," कल्याणप्पा म्हणाले.

"अप्पा, सबमिशन हाय! सर थांबलेत आत," कुमार दारातच पाय आपटत होता.

"सर थांबतेत, व्हायरस थांबत न्हाय. आण हिकडं."

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात त्यांचं टेबल होतं आणि टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पेनड्राइव्ह आधी तिथं अँटिव्हायरसनं तपासायचा आणि हिरवी खूण आली की परत द्यायचा, एवढंच त्यांचं काम. त्याआधी ते याच कॉलेजात वॉचमन होते. एका वर्षी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस आला. फोल्डर गेले, त्यांच्या जागी नुसती खोटी चिन्हं उरली आणि परीक्षेच्या तोंडावर अख्ख्या वर्गाचे प्रोजेक्ट हातचे गेले. तेव्हाच्या प्राचार्यांनी अप्पांना गेटवरून उचलून लॅबच्या दारात बसवलं. तेव्हापासून मुरुम गावच्या बाजारातसुद्धा लोक त्यांना 'व्हायरसवाले अप्पा' म्हणतात. कॉलेज सुटायच्या सुमाराला लग्नाचे फोटो काढणारे आपापले पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे येतात. एकदा त्यांनी खुद्द प्राचार्यांना अडवलं होतं. म्हणाले, "साहेब तुम्ही हाव. पेनड्राइव्ह साहेब न्हाय."

एरवी मी तिथून हसत जाते. मी तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते आणि लॅबही माझ्याकडेच आहे. त्या दिवशी मात्र मला त्यांच्याकडे बघवेना. सकाळीच प्राचार्यांनी बोलावून घेतलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत लॅबमधल्या सगळ्या मशिनींवर विंडोज अकरा आलं. अँटिव्हायरसची मुदत महिनाअखेर संपतेय. नव्या विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण असतं म्हणतात, मग वेगळा अँटिव्हायरस लागतो की नाही, यावर त्यांना माझं पानभर मत हवं होतं.

बाहेर आल्यावर हेडक्लार्क श्रीनाथनं मला गाठलं. "मॅडम, इचार करून लिहा. अप्पांची नेमणूक त्याच खर्चात दाखवलीय. अँटिव्हायरस न्हाय, तर दारातला माणूस बी न्हाय."

उत्तर मला जवळजवळ माहीत होतं. त्या 'जवळजवळ'लाच मी धरून होते. तासाला भिंगाचं सूत्र फळ्यावर लिहिताना चिन्ह चुकलं, ते एका मुलीनं दाखवून दिलं. ते पुसताना मी बरोबर असलेलं अक्षरही पुसलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेवटी उठून अप्पांकडे गेले आणि सगळं सांगितलं, श्रीनाथ बोलला तेही.

त्यांनी हातातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी ह्या नव्याच्या पोटातच अँटिव्हायरस हाय व्हय?"

"हो."

"येगळा इकत न घेता?"

"हो, अप्पा."

"फुकटात आलेला गडी काम कसा करतो, ते बघावं लागंल." त्यांनी ड्रॉवरमधून गोळ्यांची जुनी डबी काढली. डबीत लाल दोरा बांधलेला एक पेनड्राइव्ह होता. "ह्यात त्यो शॉर्टकटवाला हाय. त्याच साली आलेला. दरसाल नवा अँटिव्हायरस आला की म्या आधी ह्यो दावतो. धरला तर पास; पुसू का इचारतो, तवा म्या न्हाय म्हणतो."

मी त्या पेनड्राइव्हकडे बघत राहिले. तराजू बरोबर आहे का हे बघायला आम्हीसुद्धा आधी माहितीतलं वजन ठेवतो.

कोपऱ्यातल्या मशीनचं नेट मी तोडलं, जुना अँटिव्हायरस काढला, विंडोजचं स्वतःचं संरक्षण चालू असल्याची खात्री केली. अप्पांनी दोरा न सोडता पेनड्राइव्ह आत घातला.

काहीच झालं नाही. स्क्रीन शांत. पेनड्राइव्हचं चिन्ह आलं आणि बसून राहिलं.

"बगा!" अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "बोलंना काय! श्रीनाथ, ये की हिकडं, बघ ह्यो फुकटचा गडी. चोर घरात शिरला अन् ह्यो झोपलाय."

श्रीनाथ धावत आला. "म्या म्हणलं न्हवतं, इचार करून लिहा!"

मलाही हलकं वाटलं. तरी माझा हात माऊसवरच होता आणि बोट हलत नव्हतं.

अप्पांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "मॅडम, थांबलाव का?"

"हे घातल्या-घातल्या तपासत नाही, अप्पा. फाईल उघडायला गेलं की तपासतं. आपण अजून उघडलेलं नाही."

"ऱ्हाऊ द्या ना मॅडम," श्रीनाथ घाईनं म्हणाला. "घातल्यावर बोललं न्हाय, एवढंच लिहा. खोटं कुठंय त्यात?"

"गप रे," अप्पा म्हणाले. "पोरं काय पेनड्राइव्ह घालून पूजा करत बसतेत? उघडतेतच. उघडा, मॅडम."

"अप्पा..."

"उघडा की."

मी उघडलं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी आली: धोका आढळला. बघता बघता ते खोटं चिन्ह गेलं.

अप्पा पुढं वाकले. "गेला?"

"गेला."

"परत आणता यील का?"

"येईल. पण आणू नये."

"नगं, नगं. आसंच इचारलं." त्यांनी पेनड्राइव्ह काढून शर्टाला पुसला. "लई वर्षं सांभाळला हुता." मग सरळ होऊन ते म्हणाले, "चांगला हाय गडी. माझ्यासाठी वाकडं लिहू नका. उद्या दुसरं कुणी उघडून बघंलच."

मी खरं तेच लिहिलं: अपडेट चालू ठेवली, तर वेगळा अँटिव्हायरस लागत नाही. खाली मात्र स्वतःहून एक ओळ जोडली: अपडेट होतात की नाही, यावर लक्ष ठेवायला श्री. कल्याणप्पा यांना दारातच ठेवावं.

प्राचार्यांनी त्या ओळीवर पेन टेकवलं. "अपडेट आपोआप होतात ना, मॅडम?"

"होतात," मी म्हणाले. त्यांनी ती ओळ खोडली.

महिनाअखेरीला जुना कॉम्प्युटर स्टोअरमध्ये गेला. टेबलाचं एक टोक मी धरलं, एक अप्पांनी. टेबलामुळं इतकी वर्षं दाराचं एकच पान उघडत होतं. दुसऱ्याची खालची कडी फरशीतल्या भोकात गंजून बसली होती. अप्पांनी ती चपलेनं ठोकून वर काढली आणि खांद्यानं पान रेटलं. त्याचा आतला रंग अजून कोरा होता.

पुढच्या तासाची मुलं दोन्ही पानांमधून एकदमच आत घुसली. कुणी कुणाला काही दिलं नाही, कुणी काही मागितलं नाही. दारातून आलेलं ऊन थेट तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं आणि आतून ओरडा झाला.

"अप्पा, स्क्रीन दिसंना! दार लावा की!"

"लावतो, लावतो," अप्पा म्हणाले. ते उंबऱ्याबाहेर आले आणि दाराची दोन्ही पानं त्यांनी हळूच बाहेरून ओढून घेतली.