बिनवायरीची टाकी

माझा दादा मिसरूड फुटल्यापासून फ्रिज दुरुस्त करतो. जगात जे काही गार आहे त्याची जबाबदारी आपल्यावरच, अशी त्याची पक्की समजूत. त्यामुळे त्याच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, जेवताना सांगितलं, की ऑपरेशनच्या आधी मी माझी स्त्रीबीजं गोठवून ठेवणार आहे, तेव्हा दादाने घास खाली ठेवून विचारलं, "कुठल्या कंपनीचा फ्रिज आहे?"

तिच्या अंडाशयावर गाठ होती. ती काढताना बीजंही कमी होतील, पुढे मूल होणं अवघड जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. भाचीला लग्नाची घाई नव्हती आणि मुलाचीही. ती एवढंच म्हणाली, "मला नको असेल तर मी नाही म्हणेन. गाठीने का म्हणावं?"

बीजांऐवजी गर्भही गोठवता येतो, पण त्याला जोडीदार लागतो, असं डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. वहिनीने त्यातलं जोडीदार तेवढं उचललं आणि संध्याकाळपर्यंत दोन स्थळं काढली. एक विधुर होता. भाचीने दोघांनाही न बघताच नापास केलं.

बीजं काढायच्या दिवशी भूल देणार होते, सोबत कुणीतरी हवं होतं. तिला बाबाच हवे होते. दादा म्हणाला, मी उघडून न पाहिलेल्या फ्रिजात माझ्या घरचं काही जायचं नाही. लाइट गेल्यावर लोकांच्या फ्रिजरचं काय होतं ते मला विचारा. यावर बापलेकीचा अबोला सुरू झाला. इंजेक्शनंही सुरू झाली. ती गार ठेवावी लागतात, म्हणून भाचीने माझ्याकडे आणून ठेवली. हे कळल्यावर दादाला फार लागलं. आपल्या घरात काय फ्रिज नाही?

"चार आहेत," भाची मला म्हणाली. "गार एकही करत नाही."

शेवटी मीच त्याला म्हटलं, चल, एकदाचं बघून घे. तो हत्यारांची पिशवी घेऊन निघाला.

तिथल्या प्रयोगशाळेतली मुलगी गोड होती. तिने काचेपलीकडची टाकी दाखवली. दुधाच्या कॅनसारखी, फक्त ढेरपोटी. दादा कधी वाकून, कधी चवड्यांवर उभा राहून वायर शोधायला लागला. प्लग कुठे आहे, विचारलं. ती म्हणाली, प्लग नाहीच काका, आत द्रव नायट्रोजन असतो, तो स्वतःच इतका गार की मोटार लागत नाही. कमी झाला की आम्ही वरून भरतो. मग गॅरंटी, त्याने विचारलं. गॅरंटी नाही, ती सरळ म्हणाली. सगळी बीजं टिकतातच असं नाही, टिकली तरी मूल होईलच असंही नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच दादा एखाद्या गार वस्तूपुढून पिशवी न उघडताच परतला. बाहेर पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसला.

"मोटारच नाही," तो म्हणाला. "मग काही झालं तर मी करू काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काही करायचं नाहीस," मी म्हटलं. "बाहेर बसायचंस."

हे त्याला कधी जमलेलं नाही. बीजं काढायच्या दिवशीसुद्धा मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात त्याने तिथल्या वॉटर कूलरचं मागचं झाकण काढलं होतं. मी हातावर चापट मारली, तेव्हा पोरासारखा येऊन बसला. मग मात्र आत बोलावीपर्यंत हलला नाही.

भाची भुलीतून नुकती जागी होत होती.

"मिळाली का, बाबा?"

"मिळाली. खूप नाहीत म्हणाल्या. पण मिळाली."

ती हळूहळू उठून पाय खाली सोडून बसली. "आणि मला कधी लागलीच नाहीत तर?"

दादा खाली बसून तिच्या पायात चपला सरकवत होता. डावी उजव्यात घालत होता, पण मी बोलले नाही.

"तर राहतील पडून," तो म्हणाला. "आपण काय रोज उघडून बघणार आहोत?"