पाठीवरचे तीन शब्द

मित्रांनो, मी परीक्षेला न्यायचा एक जुना पॅड आहे. चेन्नईतल्या वेस्ट मांबलममधल्या एका घरात, पुस्तकांच्या कपाटावर, पाठ भिंतीकडे करून मला ठेवले आहे. त्या पाठीवर तीन शब्द आहेत.

दाबून घट्ट केलेला पुठ्ठा आणि वर लोखंडी चाप, एवढाच माझा देह. पहिल्यांदा मुरलीने मला वापरले. तो चांगल्या गुणांनी पास झाला आणि घरात मला ‘लाभाचा पॅड’ म्हणू लागले. पुढे मी त्याच्या मुलीकडे, देविकाकडे आलो.

देविका दहावीत होती. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे होते, म्हणून अकरावीला जीवशास्त्राचा ग्रुप हवा होता. अभ्यास चोख, पण प्रश्नपत्रिका हाती आली की तळहातांना घाम सुटे. माझी उजवी कड त्या घामानेच फुगली आहे. सराव परीक्षेत तिने गणिताचा अर्धा पेपर कोरा दिला. तिची आई नाशिकची. ती चिडून म्हणाली, “तुला कशाची पर्वाच नाही!”

आजोबा, म्हणजे भीमसेनताता, ऐकत होते. ते तंजावरच्या मराठी घरातले. बोलणे मराठी, पण शाळा तमिळ. देवनागरी अक्षरे ते सत्तराव्या वर्षी देविकाकडूनच शिकले. बोर्डाच्या गणिताच्या सकाळी त्यांनी मला उलटे घेतले आणि जीभ दातांत धरून लिहिले, ‘तुला पर्वा नाही’. तमिळमध्ये धीर देताना ‘परवायिल्लै’ म्हणतात. असू दे, काही बिघडत नाही. तेच त्यांनी मराठीत आणले होते. मला ते ठाऊक होते, पण मला तोंड नाही.

परीक्षेच्या वर्गात सरांनी मला उलटून पाहिले. “लिहिलेला पॅड चालत नाही,” म्हणत त्यांनी मला टेबलावर पालथे ठेवले. देविकाने ते शब्द तेव्हा प्रथम वाचले. तीन तास ती पेपरपेक्षा माझ्याकडेच जास्त पाहत होती.

घरी येताच तिने विचारले, “ताता, तुम्हीसुद्धा?”

“मी काय केलं, कण्णा?” लाडाने ते तिला असेच हाक मारत.

“लिहिलंत ना, मला पर्वा नाही म्हणून!”

“अगो, परवायिल्लै म्हटलं मी! चुकलं तर चुकलं, बिनघोर लिही म्हणून!”

देविका हसली आणि हसताहसता रडू लागली. “मग तोंडानं का नाही सांगितलंत?”

“सांगताना मलाच रडू आलं असतं. आणि अक्षरं तू शिकवलेली होती ना.”

देविका पास झाली. जीवशास्त्राचा ग्रुप मात्र थोडक्यात हुकला. आईने माझी पाठ पुसायला घेतली, तेव्हा देविकाने मला हिसकावून घेतले. तातांनी त्या दिवसापासून पेन उचललेले नाही. ती कधीकधी मला त्यांच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, “लिहा, ताता. चुकलं तर परवायिल्लै.” ते माझा चाप उघडतात, मिटतात आणि मला परत देतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी थोरल्या माणसाने उशिरा शिकलेल्या अक्षरांत तुम्हाला काही लिहून दिले, तर ते त्यांच्याच तोंडून एकदा वाचून घ्या. परीक्षेला निघण्याआधी.