तुळशीखालचा पालथा दगड

मी दगड बोलतोय. बोलायची वेळ होती तेव्हा दोनशे वर्षांहून जास्त काळ तोंड मातीत खुपसून पडलो होतो आणि आता आत्मवृत्त सांगायला निघालोय, म्हणजे वरातीमागून घोडं. पण ऐका. माझ्या ह्या गप्प बसण्यामुळे एका बाईचं नाव जगातून पुसलं जायची वेळ आली होती, त्याची ही हकिगत आहे.

वयाने मी फार थोर आहे, कोट्यवधी वर्षांचा वगैरे. पण ते सगळ्याच दगडांचं असतं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझा खरा जन्म १७८९ सालातला. व्हर्जिनियातल्या एका ओढ्याकाठी मी निवांत पडलो होतो. अमोस ट्रिम्बल नावाच्या तरुण शेतकऱ्याने मला उचलून घरी नेलं, छिन्नी घेतली आणि तीन दिवस माझ्यावर अक्षरं खोदली. अमोस काही पाथरवट नव्हता. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस निघाली आणि शेवटची उजव्या कडेला येऊन एकमेकांच्या अंगावर चढली. ‘कझाया. अमोस ट्रिम्बलची बायको, जोएलची आई. १७८९. वय तेवीस.’ एवढंच लिहायचं होतं बिचाऱ्याला.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सोसले आणि लगेच स्वतःला देव समजायला लागलो. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती मीच, असा माझा रुबाब! काम एकच होतं: कझायाच्या डोक्याशी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं नाव सांगायचं. तेही मी जेमतेम दोन वर्षं केलं.

मग अमोसने मर्सी नावाच्या मुलीशी दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड गाडीत भरलं. डोंगरापलीकडे केंटकीत फुकटात जंगल मिळतं, तोडेल त्याचं शेत, अशी तेव्हा हवा होती. निघताना तो माझ्यापाशी आला, माझ्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, नेतोय बरोबर. कुऱ्हाडी, मिठाचं पोतं, बियाणं, दोन गाई, पाच वर्षांचा जोएल, सगळं गाडीबरोबर गेलं. थडग्यावरचा दगड कोण नेतो!

पुढे लगेचच एका वादळात मी तोंडावर पडलो. नव्या मालकाने मला उचललं आणि ‘सपाट आहे, बरा आहे’ असं म्हणून दुधाच्या खोलीची पायरी केली, अक्षरं खाली घालून. आयुष्यात मला मिळालेलं प्रशस्तिपत्र ते एवढंच. तिथून डुकरांच्या वाड्यात गेलो. तिथल्या माझ्या कामाबद्दल न बोललेलंच बरं. शेवटी बुलडोझर आला, शेतं गेली, त्या जागी अ‍ॅशबर्न नावाचं गाव वाढलं आणि मी एका टाउनहाउसच्या मागच्या अंगणात, कुंपणाजवळ, पालथा येऊन पडलो.

आसपास बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्या. त्यांत म्हणे जगभरातली माहिती साठवलेली असते. मी शेजारीच होतो, एका ओळीची माहिती घेऊन, आणि ती द्यायची सोय नव्हती.

त्या टाउनहाउसमध्ये गिरिजा, तिचा नवरा सत्यजित आणि बारा वर्षांची आश्लेषा राहायला आली. गिरिजा त्या बिनखिडक्यांच्या इमारतींपैकीच एकीत कामाला जाते. गेल्या मे महिन्यात तिचे आईवडील, सुमित्राकाकू आणि एकनाथराव, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. काकूंनी दुसऱ्याच आठवड्यात मराठी मंडळातल्या उल्काकाकूंकडून तुळशीचं रोप मिळवलं. कुंडी जमिनीवर कशी ठेवायची? त्यांची नजर माझ्यावर पडली. मला वरून धुतलं, कुंडी माझ्या पाठीवर ठेवली, समोर रोज हळदकुंकू वाहायला लागल्या. डुकरांच्या वाड्यातून थेट तुळशीखाली! मी इतका फुगलो की कोरलेलं नाव खाली चिखलात आहे हे विसरूनच गेलो.

एकनाथरावांनी निवृत्तीनंतर आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार केला होता. चौदा पिढ्या, सहाशे पानं. वजनाच्या नियमामुळे काकूंचा मसाला नागपुरात राहिला, पण कुलवृत्तांताच्या दोन प्रती विमानाने आल्या. अ‍ॅशबर्नमध्ये कुणी ते पुस्तक उघडेना. आश्लेषा म्हणाली, “आजोबा, इज देअर अ‍ॅन अ‍ॅप फॉर इट?” तेव्हापासून ते बिचारे अंगणात एकटेच आपलं पुस्तक वाचत बसायचे.

मग कुंपणापलीकडून डोरोथीबाईंनी विचारलं, कसलं पुस्तक आहे? डोरोथी ट्रिम्बल. वय एक्याऐंशी, शाळेत ग्रंथपाल होत्या, मूळच्या केंटकीच्या. आडनाव ऐकून मी हादरलो. त्याही आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होत्या. दहा वर्षं कागद गोळा करून झाले होते आणि नोव्हेंबरात सगळे ट्रिम्बल केंटकीत जमणार होते, तेव्हा पुस्तक हातात द्यायचं होतं. एकनाथरावांना तर देवच भेटला. रोज दुपारी चार वाजता दोन घडीच्या खुर्च्या, आल्याचा चहा आणि मध्ये कागदांचा ढीग. ही बैठक माझ्यापासून चार फुटांवर भरायची.

बाईंची अडचण एकच होती. चर्चच्या वहीत १७८६ साली जोएलच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, तिथे आईचं नाव कझाया. सात वर्षांनी केंटकीत जमिनीचा दस्त झाला, त्यात अमोसच्या बायकोचं नाव मर्सी. केंटकीचे सगळे ट्रिम्बल मर्सीलाच मूळ आई मानतात, तिचं स्मारकसुद्धा आहे.

“दोघी वेगळ्या असतील तर कझायाचं काय झालं?” डोरोथीबाई म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलायच्या, पण मला सगळ्या भाषा येतात. ऐकण्याशिवाय दुसरं काम काय होतं? “तिची कबर नाही, मृत्यूची नोंद नाही. ती माझ्या पणजोबांची पणजी आहे, एकनाथ. माझं माणूस कुठेतरी बेवारस पडलंय आणि मला ते शोधता येत नाहीये.”

मी खालून ओरडत होतो, अहो, इथे आहे, तुमच्या बशीपासून चार फुटांवर! पण ओरडणार कुठून, तोंडात माती.

एकनाथरावांनी दोन मिनिटं विचार केला आणि चष्मा काढला. “डोरोथी मॅडम, इट इज व्हेरी सिंपल.” त्यांनी चहा ओतणाऱ्या काकूंकडे बोट केलं. “बिफोर मॅरेज, लता. आफ्टर मॅरेज, सुमित्रा. सेम लेडी!”

गिरिजा दारातून ओरडली, “बाबा, इथे लग्नात फर्स्ट नेम चेंज करत नाहीत. प्लीज, त्यांना कन्फ्यूज करू नका ना!”

“सतराशे सालात काय करायचे, तू बघायला गेली होतीस?”

“पण बाबा, कझायाला मूल झालेलं होतं आधीच!”

“मग नोंद उशिरा बदलली असेल. आपल्याकडे रेशनकार्डावर तुझ्या आईचं नाव बदलायला नऊ वर्षं लागली.”

काकूंनी डोरोथीबाईंच्या कपात साखर घातली आणि आत गेल्या.

डोरोथीबाई हसल्या. पण मग त्या विचारात पडल्या. त्या काळी काही बायकांना दोन नावं असायची, तर ‘कझाया मर्सी’ असं एकच नाव असेल का? दहा वर्षांत दुसरा पुरावा सापडला नव्हता. डोळे अधू झाले होते, छापखान्याची तारीख जवळ आली होती, आणि एकनाथराव रोज चार वाजता तेच सांगत होते. शेवटी त्यांनी लिहून टाकलं: कझाया मर्सी ट्रिम्बल, मृत्यू केंटकीत, वय ऐंशी. तेवीस वर्षांची पोर एका दुपारी ऐंशी वर्षांची झाली आणि माझ्या पाठीवर तुळस डोलत होती. इतकी लाज मला डुकरांच्या वाड्यातही वाटली नव्हती.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. सोमवारी सकाळी पुस्तक छापायला जाणार होतं. रविवारी दुपारी गिरिजाच्या फोनवर इशारा आला, आज रात्री पहिलं हिमदव पडणार. काकूंनी लगबगीने तुळशीची कुंडी आत घेतली आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“सत्यजित, हा दगडही आत घ्या.”

“आई, दगडाला थंडी वाजत नाही हो.”

“याला सहा महिने हळदकुंकू वाहिलंय मी. परवा ते गवत कापणारे येतील आणि बुटाने तुडवतील.”

सत्यजितने कपाळाला हात लावला, पण फावडं आणलं. “आत घ्यायचा तर खालून धुऊन घेऊ, यार. ढिगाने किडे असतील.” मला उलटं केलं. खरंच ढिगाने होते. नळीने पाण्याचा फवारा मारला. दोनशे वर्षांचा चिखल वाहून गेला आणि मला आभाळ दिसलं.

“आजी, वेट!” आश्लेषा गुडघ्यावर बसली. “देअर आर लेटर्स ऑन इट!” ती एकेक अक्षर लावत गेली. के. ई. झेड. उजव्या कडेला जरा अडखळली, ती चूक अमोसची. मग तिने सबंध ओळ मोठ्याने वाचली. त्या दिवसापर्यंत ते नाव मोठ्याने वाचणारा शेवटचा माणूस अमोस होता.

एकनाथराव ओल्या गवतावर बसले. “दोघी होत्या,” ते म्हणाले. “दोघी होत्या गं. मी एकीला मारून टाकलं.”

काकू माझ्याकडे बघत होत्या. “तेवीस वर्षांची. नवरा मागे असताना गेली, म्हणजे अहेव गेली बिचारी.” पदराने त्यांनी माझ्यावरचं पाणी टिपलं. “मी सहा महिने कुंकू लावत होते, कुणाला ते माहीत नव्हतं. पण लावलं ते चुकलं नाही.” आणि मग तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “एक विचारू? माझं लता नाव आहे का हो तुमच्या पुस्तकात?”

एकनाथरावांनी चष्मा काढला. “नाही. आणि आजोबांची पहिली बायकोही नाही. तिच्यापुढे मी लिहिलंय, ‘निपुत्रिक, नाव अनुपलब्ध.’ खरं सांगतो, मी कुणाला विचारलंच नव्हतं. मूल नाही म्हणजे पुढे वंश नाही, मग विचारायचं कशाला, असं वाटलं.”

आश्लेषाने डोरोथीबाईंना हाका मारून आणलं. त्या घरातल्या सपातांनीच आल्या. गुडघे बदललेले होते, तरी सत्यजितचा हात धरून खाली बसल्या आणि बोटाने एकेक अक्षर चाचपत नाव वाचलं. मग त्या रडल्या. “सॉरी,” त्या म्हणाल्या, “कझाया, आय अ‍ॅम सो सॉरी.” एकनाथराव हात जोडून शेजारी बसले होते, तेही रडत होते. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला फुटला असं मी सांगितलं असतं, पण ते नळीचं पाणी होतं. मला मात्र खूप बरं वाटलं.

पुस्तक तीन आठवडे उशिरा छापून झालं, पण जमलेल्या ट्रिम्बलांच्या हाती वेळेवर पडलं. त्यात दोघी आहेत. आता मी डोरोथीबाईंच्या बागेत उभा असतो, अक्षरं बाहेर करून. कझाया नेमकी कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही, बहुधा रस्त्याखाली. त्यामुळे मी खोट्या जागेवर उभा असलेला खरा दगड आहे. चालायचंच.

एकनाथराव आणि काकू नागपूरला परतले. दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. गिरिजा फोन घेऊन डोरोथीबाईंच्या बागेत येते, कारण बाबांना त्यांच्याशी बोलायचं असतं. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, सुमित्रापुढे ‘माहेरची लता’ असं आलंय. आजोबांच्या पहिल्या बायकोसाठी ते गावोगाव फोन करत होते. त्र्याण्णव वर्षांच्या एका आत्याला आपल्या आजीकडून ऐकलेलं थोडं आठवत होतं. ती उंच होती आणि घरकाम करताना शीळ घालायची, म्हणून सासूची बोलणी खायची. नाव काही केल्या आठवेना. आत्या म्हणाली होती, भेटायला ये, आठवेल कदाचित.

वाचकहो, मी कुणाला उपदेश करावा असा दगड नाही. पण तुमच्या घरात अशी कुणी असेल, आणि तिचं नाव ठाऊक असलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर आजच जाऊन विचारा. आमच्या भरवशावर राहू नका, आम्ही पालथे पडतो.

गेल्या रविवारी एकनाथराव फोनवर आले तेव्हा चष्मा हातात होता. “आत्या गेली,” ते म्हणाले. “मी शुक्रवारी निघणार होतो.” डोरोथीबाई फोनच्या पडद्यावर हात ठेवून बसून राहिल्या. पुस्तकात त्या जागी आता काय लिहायचं ते काकूंनी ठरवलंय. ‘प्रथम पत्नी. उंच होती. शीळ घालायची.’