अर्ध्यापासून पुढे

“फाइल एक्समोडेमनेच पाठवतो,” फोनवर दादाचा आवाज पत्रा खरवडल्यासारखा येत होता. “एक तुकडा जातो, तुझ्या मशीनकडून ‘मिळाला’ असं येतं, मग पुढचा निघतो. सावकाश, पण भानगड नाही.”

“आणि मध्येच वहिनींनी आतला फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून! झेडमोडेम घे, दादा. लाइन तुटली तरी जिथं थांबलं तिथून पुढं जातं.”

“तू आणि तुझी घाई. बरं, तुझ्या मनासारखं. मिळाली की सांग, मी इथली पुसून टाकतो. पोरींनी हा घोगरा आवाज ऐकायला नको. तुझं काय, तू दगड.”

दादाच्या घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. त्याआधी धाकट्या भावासाठी काहीतरी बोलून त्याने ते कॉम्प्युटरवर साठवलं होतं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. दोघे भाऊ दोन शहरांत राहायचे आणि दोघांना फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या मोडेमचा नाद एकदमच लागला होता. खुशालीपेक्षा फायलीच जास्त जायच्या, आणि एक्समोडेम की झेडमोडेम, कुठल्या पद्धतीने पाठवावं यावर वादही. एकाच लाइनवर बोलणं आणि फाइल दोन्ही जमत नसल्यामुळे दोघांनी फोन ठेवले. मोडेमची किरकिर झाली, पडद्यावरचे आकडे पळू लागले आणि अपेक्षेच्या निम्म्या वेळात थांबले. धाकट्याने लगेच फोन लावला.

“आली! पाहिलंस? तुझ्या एक्समोडेमने अजून जेमतेम अर्धी आली असती.”

“शहाणा आहेस. पुसू?”

“पुस.”

फाइल त्याने तेव्हा ऐकली नाही. ऑपरेशन नीट पार पडू दे, मग ऐकू, असं त्याने ठरवलं. ते नीट पार पडल्याचं कळलं त्या दुपारी दार लावून तो कॉम्प्युटरसमोर बसला.

“हॅलो, हॅलो, धाकटे सरकार! माइक नवीन आहे, गाणारा जुनाच आहे. तर मंडळी, आता आपण—”

भरदार, हसरा आवाज. आजाराच्या आधीचा. धाकटा गोंधळला. तेवढ्यात शब्द मध्येच तुटला आणि पत्रा खरवडू लागला.

“—ते मनाला लावून घेऊ नकोस. मी तर केव्हाच सोडून दिलं. बास. दम लागतो.”

मग नुसती खरखर.

त्याने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा उलगडा झाला. मागच्या वर्षी नवा माइक आणल्यावर दादाने गंमत म्हणून एक फाइल पाठवली होती. ती अर्ध्यात तुटली होती आणि तो तुकडा इथेच पडून होता. दादाने या वेळीही फाइलला तेच नाव दिलं होतं. झेडमोडेमने नाव पाहिलं, अर्धी आधीच आली आहे असं धरलं आणि फक्त पुढचं आणलं. या वेळचा पहिला अर्धा भाग आलाच नव्हता, आणि दादाने तिकडची फाइल पुसली होती. आत काय आहे हे ते तपासत नाही, हे धाकट्याला पाठ होतं. गेल्या वर्षी या पद्धतींवरून झालेल्या वादात दादाने हाच मुद्दा मांडला होता.

काय मनाला लावून घ्यायचं नाही? त्याच्या मनात एक सोडून चार गोष्टी येऊन गेल्या.

दादा घरी आल्यावर वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, हे इथेच बसलेत. पाटीवर लिहून विचारतायत, ऐकलंत का म्हणून.”

धाकट्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “वहिनी, त्याला एक विचाराल?”

“विचारते की. थांबा हं, अजून लिहितायत.” खडूचा आवाज येत राहिला. “लिहिलंय, ‘तेवढं एकदाचं बोललो. आता मोकळा झालो.’ कशाबद्दल ते मला सांगतच नाहीत बघा! हं, तुम्ही काय विचारत होतात?”

“काही नाही. सांगा त्याला, सगळं ऐकलं.”

तिकडे फोन हातातून हातात गेल्याची खुडबुड झाली. मग रिसीव्हरवर बोटाने सावकाश टकटक झाली. धाकट्याने आपल्या रिसीव्हरवर नख वाजवलं. पलीकडून पुन्हा टकटक आली. कुणीच आधी फोन ठेवेना.